पैसा कुणाच्या पाण्यात जातो?

सोन्याचा आजचा भाव काय, कुणीही सांगेल. तेलाचा डबा केवढ्याला, कांदा किती रुपये किलो, गॅस सिलिंडर मागच्या वेळी केवढ्याला पडला, हेही आपल्याला तोंडपाठ असतं. पण मैत्रिणींनो, तुरटीचा भाव काय आहे? कुणालाच सांगता येणार नाही! दुकानातला पाच-दहा रुपयांचा खडा वर्षभर पुरतो, त्याचा भाव कोण कशाला लक्षात ठेवील?

खरं तर ठेवायला हवा. आपल्या नळाला येणारं पाणी तुरटी, क्लोरीन आणि अशाच पाच-सात रसायनांवर अवलंबून असतं. या रसायनांचा मोठा बाजार आहे. तिथे कारखाने आहेत, दलाल आहेत, निविदा आहेत, परदेशी कंपन्या आहेत, तेजी-मंदी आहे. शेअर बाजाराच्या बातम्यांमध्ये त्याला ‘वॉटर ट्रीटमेंट केमिकल्स’ असं भारदस्त नाव असतं. ते वाचून आपण पान उलटतो, कारण त्याचा आपल्या स्वयंपाकघराशी काही संबंध असेल असं वाटतच नाही. पण जुलाबाची साथ आली की रात्र-रात्र पोराच्या उशाशी कोण बसतं? आणि महिन्याच्या खर्चातून पाण्याच्या जारचे पैसे कोण बाजूला काढतं? म्हणून आज या बाजारात जरा फिरून यायचं म्हणते.

फिल्टर हाऊसमधलं स्वयंपाकघर

पहिला पाऊस झाला की नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं. मग आपण हंड्याच्या तोंडाला फडकं बांधतो, तुरटी फिरवतो, गाळ खाली बसू देतो आणि वरचं नितळ पाणी उकळून घेतो. गावाच्या फिल्टर हाऊसमध्ये याहून फार वेगळं काही होत नाही. फडक्याच्या जागी वाळूचे थर असतात. तुरटीच्या जागी ‘ॲलम’ असतं, म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. आपल्या घरातल्या तुरटीची ही जाडीभरडी चुलत बहीणच. आणि उकळण्याऐवजी क्लोरीन असतो.

तुरटी नेमकं काय करते? गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात, की ते आपणहून खाली बसत नाहीत. एकमेकांपासून दूर पळत ते तरंगत राहतात. तुरटी त्यांना एकत्र आणते, त्यांचे गुठळ्यांसारखे पुंजके होतात, जड होतात आणि तळाशी जातात. जंतूही बरेचसे त्या पुंजक्यांबरोबर खाली जातात. आपल्या आज्या-पणज्या निवळीची बी माठाला आतून घासायच्या, तीही याच कामासाठी.

आता थोडं गणित. पन्नास हजार वस्तीचं एक गाव धरा. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी हिशेबाने गावाला साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात पाणी नितळ असताना लिटरमागे दहा मिलिग्रॅम तुरटी पुरली, तर दिवसाला साधारण ६८ किलो झाली. पावसाळ्यात पाणी गढूळलं आणि तीच मात्रा चाळीस मिलिग्रॅमवर गेली, की दिवसाला २७० किलो! म्हणजे चौपट. आणि पाऊस काही एकाच गावात पडत नाही. राज्यभरातल्या पालिका एकाच वेळी तुरटी मागू लागतात. उन्हाळ्यात साठा करून ठेवलेल्या पालिकेचं निभतं. ज्यांची निविदा जूनमध्ये निघते, त्यांना मिळेल तो माल, मिळेल त्या भावात घ्यावा लागतो. लोणच्याच्या कैऱ्या वेळेवर न आणणाऱ्या घरासारखंच हे.

तुरटी बनते कशापासून? बॉक्साइट नावाच्या दगडापासून आणि गंधकाच्या आम्लापासून. बॉक्साइट आपल्याकडे कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यात सापडतं. पण गंधक मुख्यतः खनिज तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळतं आणि आपण ते मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. म्हणून २०२२ साली जगात गंधकाचे भाव भडकले, तेव्हा तुरटीचा खर्चही वाढला. तांब्याच्या कारखान्यातही गंधकाचं आम्ल जोडउत्पादन म्हणून निघतं. २०१८ मध्ये तमिळनाडूतला तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना आंदोलनानंतर बंद झाला, तेव्हा दक्षिणेत या आम्लाची टंचाई जाणवली. कुठला तांब्याचा कारखाना, कुठली आखाती देशांतली तेलशुद्धी आणि कुठला आपला हंडा! पण धागा जोडलेला आहे.

मोठ्या शहरांनी तुरटीऐवजी ‘पॅक’ वापरायला सुरुवात केली आहे. पॅक म्हणजे पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड. ते किलोला महाग पडतं, पण कमी लागतं, गाळ कमी होतो आणि खूप गढूळ पाण्यातही चांगलं काम करतं. किलोचा भाव बघितला तर तुरटी स्वस्त आणि शुद्ध झालेल्या पाण्याचा हिशेब मांडला तर कधीकधी पॅक स्वस्त. स्वस्त डाळ आणली आणि अर्धी खडेच निघाली, तर ती स्वस्त कशी? हे आपल्याला चटकन कळतं. निविदेच्या कागदाला मात्र ते कळवून द्यावं लागतं.

जुळी भावंडं

आता क्लोरीनकडे वळू या. हा जंतू मारतो आणि पाणी नळापर्यंत पोचेस्तोवर त्यात थोडा शिल्लक राहून राखणही करतो. वाटेत पाइप फुटला, गटाराचं पाणी शिरलं, तर हा शिल्लक क्लोरीनच आपला पहारेकरी. म्हणून भारतीय मानकात नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा असं म्हटलं आहे. पाण्याला किंचित वास आला की आपण नाक मुरडतो, पण तो वास पहारेकरी जागा असल्याची खूण आहे.

क्लोरीन बनतो मिठापासून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन, दोन्ही एकदमच निघतात. एका पोटची जुळी भावंडं! एक टन कॉस्टिक केलं की सुमारे ०.८८ टन क्लोरीन होणारच. थोरलं भावंड मोठं मागणीचं आहे. साबणाला कॉस्टिक हवं, कागदाला हवं, कापडाला हवं, ॲल्युमिनियमला हवं. आपल्या देशात कारखाने चालतात ते मुख्यतः कॉस्टिकसाठी. धाकटा क्लोरीन मात्र साठवायला कठीण, विषारी आणि लांब नेणं जिकिरीचं. त्यामुळे तो जास्त झाला, तर ‘घेऊन जा बाबा, वाहतुकीचे पैसेही आम्हीच देतो’ अशी पाळी कारखान्यांवर येते. २०२३ मध्ये देशातल्या काही कारखान्यांनी क्लोरीनचा भाव शून्याच्याही खाली गेल्याचं सांगितलं होतं.

वाचून आश्चर्य वाटलं ना? कारखान्याला जे द्रव्य नकोसं होतं, ते आपल्या गावच्या टाकीत पोचत का नाही? कारण गावात वायू येत नाही, पावडर येते. चुन्यात क्लोरीन मुरवून ब्लीचिंग पावडर बनते. ग्रामपंचायतीत तिला ‘टीसीएल’ म्हणतात. आणि इथेच खरी गोम आहे.

माणशी वर्षाला पाच रुपये

चांगल्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के कामाचा क्लोरीन असतो. पण ही पावडर म्हणजे उघड्यावर ठेवलेला पापड! हवा लागली, दमट झाली, ऊन लागलं की तिचा जोर जातो. पिशवी दिसायला तीच, रंग तोच, वजनही तेच, पण आतला क्लोरीन निम्म्यावर. मग माणूस नेहमीच्या मापाने पावडर टाकतो, वहीत ‘शुद्धीकरण केले’ असं लिहितो, आणि पाण्यात जातो नुसता चुना. आपल्याकडे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत टीसीएलचे नमुने तपासले जातात. २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन निघाला तर ती पावडर कुचकामी मानतात. दर पावसाळ्यात ‘अमुक तालुक्यातले टीसीएलचे नमुने दूषित’ अशी एका कोपऱ्यात बातमी असते. पुढे त्या पावडरीचं काय झालं, याची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते.

आता पुन्हा वही-पेन घ्या. जल जीवन मिशनच्या हिशेबाने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज एक लाख दहा हजार लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल धरली तर दिवसाला ५५० ग्रॅम. वर्षाला झाली साधारण २०० किलो. किलोला पन्नास रुपये धरा, म्हणजे वर्षाचे दहा हजार रुपये. दोन हजार माणसांत वाटा. माणशी वर्षाला पाच रुपये!

आता दुसरा हिशेब. पाच माणसांचं घर रोज वीस लिटरचा एक जार घेतं. तो दहा रुपयांना धरला तरी वर्षाचे ३,६५० रुपये. माणशी ७३० रुपये. म्हणजे पाच रुपयांचं काम नीट झालं नाही, म्हणून आपण सातशे तीस रुपये मोजतोय. त्यातून डॉक्टरचं बिल, सलाइन, बुडालेली मजुरी हे तर मी धरलंच नाही.

गरीब ग्रामपंचायतींना हा पाच रुपयांचा खर्च झेपत नाही म्हणावं, तर तसंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. मग अडतं कुठे? अडतं ते विकत घेणाऱ्याच्या डोळ्यांत. साखर कारखाना किंवा औष्णिक वीज केंद्र बॉयलरच्या पाण्यासाठी रसायन घेतं, तेव्हा त्यांचा केमिस्ट प्रत्येक खेप तपासतो. कारण रसायन खोटं निघालं तर बॉयलरच्या नळ्यांवर क्षारांचा पांढरा थर चढतो आणि नुकसान लाखांत जातं, तेही आपल्याच खिशातून. ग्रामपंचायतीची पावडर फिकी निघाली तर नुकसान होतं भलत्याच कुणाचं तरी. बाजाराला दोष देण्यात फार अर्थ नाही. जो तपासतो त्याला चांगला माल मिळतो. जो फक्त सगळ्यात कमी दराची निविदा बघतो, त्याला त्या दराच्या लायकीचा माल मिळतो. मंडईत भाजीवाला टोपलीतले किडके टोमॅटो कुणाच्या पिशवीत टाकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला हवं का?

३,८०० कोटींचं पाणी

सार्वजनिक पाण्याची ही तऱ्हा असताना खाजगी पाण्याचा धंदा मात्र कुठल्या कुठे गेलाय. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक बातमी आली. टायरमध्ये घालायची काजळी बनवणाऱ्या कोलकात्याच्या पीसीबीएल या कंपनीने पुण्याची ॲक्वाफार्म केमिकल्स ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. किंमत ३,८०० कोटी रुपये! ॲक्वाफार्मचे कारखाने महाड आणि पिरंगुटला. बनवतात काय, तर फॉस्फोनेट नावाची रसायनं. पाण्यातले क्षार भांड्याला, नळीला, पडद्याला चिकटू न देणं हे त्यांचं काम. कारखान्यांच्या कूलिंग टॉवरला ती लागतात, कपडे धुण्याच्या पावडरीतही लागतात आणि आरओच्या प्लँटलाही लागतात.

आरओ म्हणजे काय, हे आता प्रत्येक ओट्यावर ठाऊक आहे. बारीक पडद्यातून जोराने पाणी दाबायचं, क्षार मागे ठेवायचे आणि गोडं पाणी पुढे घ्यायचं. पण मागे राहिलेले क्षार पडद्यावरच बसले तर पडदा महिन्या-दोन महिन्यांत बाद. म्हणून त्यात ‘अँटिस्केलंट’ घालतात. गावोगावच्या पाण्याच्या एटीएममध्ये ते थेंबाथेंबाने सोडतात. घरच्या मशीनमध्ये पुष्कळदा त्याच जातीच्या कामासाठी पांढऱ्या गोळ्यांची नळी असते आणि सर्व्हिसिंगच्या बिलात ती दरवर्षी हजर असते.

या फॉस्फोनेटचं मूळ आहे पिवळं फॉस्फरस. ते बनवायला प्रचंड वीज लागते आणि आपल्या देशात ते बहुतांश बाहेरून येतं. सप्टेंबर २०२१ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात विजेची टंचाई झाली, तिथल्या फॉस्फरसच्या भट्ट्यांवर निर्बंध आले आणि काही आठवड्यांत जगभर भाव भडकले. गंमत बघा, तिकडे युन्नानमध्ये वीज कमी पडली आणि इकडे आपल्या तालुक्यातल्या आरओवाल्याचं रसायन महागलं! श्रीमंत देशही यातून सुटत नाहीत. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये ट्रकचालक मिळेनात, म्हणून सांडपाणी शुद्ध करायचं फेरिक सल्फेट वेळेवर पोचेना. शेवटी तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेला काही अटी घालून पूर्ण शुद्ध न केलेलं पाणी सोडायला तात्पुरती मुभा द्यावी लागली.

रसायनाला मी वाईट म्हणत नाही. बोअरचं पाणी मचूळ असेल, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांसारखं त्यात फ्लोराइड असेल, तर आरओ हा मोठा आधार आहे. दातांवर पिवळे डाग आणि हाडांचं दुखणं घेऊन जगण्यापेक्षा ते हजारपट बरं. माझी तक्रार आहे ती भीती विकण्याबद्दल.

आमच्या गल्लीत एकदा एका कंपनीचा टाय लावलेला मुलगा आला होता. दोन ग्लास घेतले. एकात आमच्या नळाचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळया सोडल्या, वीज लावली. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, वर फेस, खाली गाळ! सगळ्या बायकांच्या तोंडून ‘अगं बाई!’ शेजारच्या काकू तर म्हणाल्या, ‘इतकी वर्षं हे पीत होतो होय?’ मैत्रिणींनो, तो गाळ पाण्यातला नव्हताच. तो सळईच्या लोखंडाचा होता! पाण्यात थोडे क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्यासारखे, म्हणून तिथे वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. त्या खेळात जंतूंची परीक्षा होतच नाही. त्या दिवशी गल्लीत चार मशीन खपली.

दुसरा खेळ टीडीएस मीटरचा. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. मीटरवर १८० आकडा आला की विकणारा डोळे मोठे करतो. आपल्या मानकानुसार ५०० पर्यंत पाणी उत्तम आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. धरणाच्या पाण्याचा आकडा बहुधा ५०० च्या पुष्कळ खाली असतो. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही म्हटलं होतं, की जिथे टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओची गरज नाही. शिवाय मीटर जंतू मोजत नाही, हे लक्षात ठेवा. कावीळ देणारं पाणीही मीटरवर शंभर दाखवू शकतं.

पुण्याने दिलेला धडा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात ‘जीबीएस’ या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली शक्ती जायची, काहींना व्हेंटिलेटर लागायचा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता हा भाग त्याचं केंद्र होता. दोनशेहून जास्त रुग्ण झाले, काही जण दगावले. तपासात काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. धावपळ सुरू झाली. विहिरीत ब्लीचिंग पावडर, टँकरमध्ये ब्लीचिंग पावडर. फेब्रुवारीत पुणे महापालिकेने त्या भागातले तीसेक खाजगी पाणी प्रकल्प बंद केले. त्यात आरओचं पाणी विकणारेही होते.

आरओचं पाणी आणि तरीही असुरक्षित? हो. त्यामागचं कारण समजून घ्या. आरओच्या पडद्याला क्लोरीन चालत नाही, म्हणून पाणी आत जाण्याआधीच कोळशाच्या फिल्टरने क्लोरीन काढून टाकतात. बाहेर पडलेल्या पाण्यात पहारेकरी उरतच नाही. ते ताबडतोब स्वच्छ भांड्यात भरून प्यालं तर ठीक. पण तेच जर न धुतलेल्या टाकीत साठवलं, दहा घरं फिरून आलेल्या जारमध्ये भरलं आणि रिक्षाच्या टपावर उन्हातून नेलं, तर जंतूंना मोकळं रानच! त्यातून सीलबंद बाटलीला परवाना लागतो, तपासणी असते. उघड्या जारमधलं ‘थंड पाणी’ मात्र नियमांच्या फटीतून निसटतं. म्हणजे ज्या पाण्याला आपण जास्त पैसे मोजतो, त्याला विचारणारा कमी.

फ्लिंटच्या बाया

रसायनात वाचवलेले पैसे केवढ्याला पडतात, याची जगातली सगळ्यात प्रसिद्ध कहाणी अमेरिकेतली आहे. फ्लिंट हे मिशिगन राज्यातलं जेमतेम लाखभर वस्तीचं, कारखाने बंद पडलेलं गाव. एप्रिल २०१४ मध्ये काटकसर म्हणून गावाने डेट्रॉइटचं पाणी बंद केलं आणि फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. त्या पाण्यात पाइप झिजू नयेत म्हणून फॉस्फेटचं एक साधं रसायन घालायला हवं होतं. ते घातलं नाही. खर्च किती आला असता? दिवसाला शंभर-दीडशे डॉलर, असं नंतर तज्ज्ञांनी सांगितलं. पाणी जुन्या पाइपांतलं शिसं खाऊ लागलं आणि ते पोरांच्या पोटात गेलं. शिसं मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवतं.

लीॲन वॉल्टर्स नावाच्या चार मुलांच्या आईने आपल्या मुलांच्या अंगावरचे चट्टे बघून तक्रार केली. अधिकारी म्हणत राहिले, ‘पाणी सुरक्षित आहे.’ तिने व्हर्जिनियातल्या एका प्राध्यापकाची मदत घेतली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन घरोघरचे शेकडो नमुने गोळा केले. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी सप्टेंबर २०१५ मध्ये लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडेच लोकांसमोर ठेवले. त्यांनाही आधी खोटं ठरवलं गेलं. पण पुढच्याच महिन्यात गावाला जुनं पाणी परत द्यावं लागलं. २०२१ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई होती ६२ कोटी ६० लाख डॉलर. दिवसाचे दीडशे डॉलर वाचवायला गेले होते! आणि भरपाईने पोरांचं गेलेलं थोडंच परत येतं?

मला या गोष्टीत एक फार महत्त्वाचं वाटतं. पाण्याचं रसायनशास्त्र त्या आईला आधीपासून येत नव्हतं. तिने फक्त ‘आकडा दाखवा’ हा हट्ट सोडला नाही.

आकडा विचारू या

आपल्यालाही तेवढंच करायचंय आणि आपल्या हातात साधनंही आहेत. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण आणि तपासणीची पेटी द्यायची, असं ठरलेलं आहे. गावच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते. पण पेटी पुष्कळदा कपाटात असते आणि महिला सभा वहीत!

तेव्हा पुढच्या सभेत एवढं नक्की विचारा:

* टीसीएलचा साठा किती आहे? पिशवीवरची तारीख कोणती? पिशवी कोरड्या, अंधाऱ्या जागी आणि तोंड बांधून ठेवली आहे का?
* या खेपेचा नमुना प्रयोगशाळेत गेला होता का? क्लोरीन किती टक्के निघाला? २० च्या खाली असेल तर ती पावडर परत गेली का?
* शेवटच्या नळाला रोज क्लोरीन तपासतात का? टाकीजवळचा आकडा कामाचा नाही, गावाच्या टोकाचा हवा. तपासणी आपल्यासमोर करायला सांगा.
* आपल्या गावाला पावसाळ्याआधी आणि नंतरच्या पाहणीत कोणतं कार्ड मिळालं? हिरवं, पिवळं की लाल? लाल असेल तर कशामुळे?
* नगरपालिकेच्या गावात असाल तर विचारा: पावसाळ्यासाठी तुरटी किंवा पॅकची खरेदी मे महिन्याआधी झाली का? माल मानकाप्रमाणे आहे, याचा तपासणी अहवाल कुठे आहे?
* पाण्याचं एटीएम चालवणाऱ्याला विचारा: टाकी शेवटची कधी धुतली? जंतूंची तपासणी कधी झाली?

आणि घरी? पिण्याच्या हंड्याला झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं. शंका आली तर पाणी खळखळून उकळा. त्याला मशीन लागत नाही आणि सर्व्हिसिंगचं बिलही येत नाही. आरओ घ्यायचाच असेल तर आधी आपल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या, विकणाऱ्याकडून नव्हे!

पैसा पाण्यात जाणं म्हणजे वाया जाणं, असं आपण म्हणतो. पण माणशी वर्षाला पाच रुपये खरोखरच पाण्यात गेले पाहिजेत. ते तिथे पोचत नाहीत, म्हणून सातशे तीस रुपये जारवाल्याकडे जातात. दर आठवड्याला भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण बाया. तीच तिखट नजर एकदा टीसीएलच्या पिशवीवर पडू द्या!